मंगळाला स्वतःचा उजेड नाही

माझ्या आणि माझ्या भावाच्या जन्मात चहाला उकळी यायला लागेल तेवढंच अंतर. तो आधी, मी मागून. सोलापुरातलं तेच इस्पितळ, तीच दुपार, तीच आई. त्यामुळे आमच्या पत्रिका एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या तर रेघ न् रेघ जुळते. सूर्य तिथंच, चंद्र तिथंच, आणि मंगळ दोघांच्याही आठव्या घरात. पत्रिका मांडणारे गुरुजीही एकच. त्यांना विचारल्याशिवाय आमची आई घरात मिक्सरसुद्धा आणत नाही.

आम्ही राहतोही जुळे सोलापुरात. जुळी भावंडं आणि जुळे सोलापूर, हा विनोद आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा करतो आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात करतो.

भावाचं लग्न आधी ठरलं. मुलगी मैंदर्गीची, घरात कानडी बोलणारी, बी.कॉम. झालेली. तिच्या पत्रिकेत मंगळ नव्हता. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि वडिलांना सांगितलं, की मुलाला मंगळ आहे खरा, पण त्याच्यावर गुरूची दृष्टी आहे, त्यामुळे दोष उरत नाही. मैंदर्गीकरांना एवढंही सांगायची गरज कुणाला वाटली नाही. पत्रिका उत्तम जुळते, असा निरोप गेला. लग्न झालं, वहिनी घरात आली.

सहा महिन्यांनी माझी पाळी आली. तेच गुरुजी आमच्या त्याच सोफ्यावर बसले आणि तोच मंगळ बघून म्हणाले, मुलीला कडक मंगळ आहे. गुरूची दृष्टी कुठं गेली, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता वडिलांना उत्तर दिलं. मुलीच्या बाबतीत नुसती दृष्टी पुरत नाही, कारण मुलीचा मंगळ नवऱ्याच्या आयुष्यावर जातो. मुलाचा मंगळ बायकोच्या आयुष्यावर जात नाही का, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, शिकलेल्या मुलींना प्रश्न फार पडतात. वडील हसले. आईनं लाडवांची बशी गुरुजींच्या पुढं सरकवली.

मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. सोलापूरच्या पोरांना सूर्य समजावून सांगावा लागत नाही, एप्रिलमध्ये ती तो डोक्यावर घेऊनच वर्गात येतात. पण रात्री दिसणारा एकेक तारा म्हणजे तसाच एक सूर्य आहे, हे त्यांना पटता पटत नाही. दरवर्षी एखादी मुलगी विचारते, की तिथं ऑक्सिजन नसतो तर तारे जळतात कसे? हा चांगला प्रश्न आहे आणि मी त्याची वाट बघत असते. मग मी सांगते की ते जळणं आपल्या चुलीतलं नाही. ताऱ्याचं स्वतःचंच वजन इतकं असतं की त्याच्या पोटातला वायू सगळ्या बाजूंनी दाबला जातो आणि कल्पनेपलीकडं तापतो. त्या दाबात हायड्रोजनच्या चार अणूंचे गाभे एकत्र येऊन हेलियमचा एक गाभा तयार होतो. चारांचं मिळून जेवढं वजन होतं त्यापेक्षा त्या एकाचं किंचित कमी भरतं. जे कमी पडलं त्याचीच ऊर्जा होते आणि तीच उजेड म्हणून बाहेर येते. ती पोटातून पृष्ठभागापर्यंत यायलाच हजारो वर्षं धडपडते. ग्रहाला यातलं काहीच जमत नाही, कारण त्याचं वजन कमी पडतं. गुरूएवढा गुरू, त्यालाही जमलं नाही. सूर्याचा उजेड अंगावर पडतो, तेवढ्यावर ग्रह चमकतात.

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले आणि घरी येऊन मंगळामुळे नाकारली जात राहिले. मंगळ लाल का, तर त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे म्हणून. एका गंजलेल्या, थंडगार, स्वतःचा उजेड नसलेल्या गोळ्यापायी माझं लग्न अडलं होतं. बार्शीच्या स्थळानं फोटो पसंत करून पत्रिका मागवली आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर नुसते जोडलेले दोन हात पाठवले. लातूरच्या लोकांना मुलगी पसंत होती, मुलीचा मंगळ पसंत नव्हता. जसा काही तो मी माहेरून भांड्यांबरोबर घेऊन जाणार होते. एक तर हृदयाचा डॉक्टर होता. रोज लोकांच्या बंद पडत आलेल्या हृदयांवर उपचार करणाऱ्या त्या माणसाला माझ्या पत्रिकेनं आपलं हृदय बंद पडेल अशी धास्ती वाटली. आमच्या स्टाफरूममध्येही काही वेगळं नाही. रसायनशास्त्राचे एक सर मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालतात आणि त्याच हातानं फळ्यावर मूलद्रव्यांची आवर्तसारणी काढतात. त्यांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, मॅडम, विषय वेगळा, श्रद्धा वेगळी. पगार मात्र ते विषयाचा घेतात.

मग नातेपुत्याचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, वडील निवृत्त शिक्षक, घरची शेती. मध्यस्थानं सांगितलं की त्यांना मंगळाचं माहीत आहे आणि चालतंय. आईनं हे वाक्य दिवसभरात इतक्या जणांना फोन करून सांगितलं की मला वाटलं लग्नच ठरलं.

संक्रांत होऊन गेली होती, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा अजून भरलेलाच होता. मंडळी आधी यात्रेत फिरून संध्याकाळी आमच्याकडे आली. आई, वडील, मुलगा आणि त्याचे एक मामा. जुळे सोलापूरचा विनोद मामांनी केला. पोहे झाले. मुलाच्या आईनं मला स्वयंपाकाचं विचारलं, वडिलांनी अकरावीच्या अभ्यासक्रमाचं विचारलं. मग कुणीतरी म्हणालं की मुलांना जरा मोकळं बोलू द्या, आणि आम्हाला गच्चीवर पाठवलं. सोबत म्हणून वहिनी आली. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून कोपऱ्यात उभी राहिली.

मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगते. दिसायला नीटनेटका, बोलायला हळू. मला काय वाचायला आवडतं ते त्यानं विचारलं आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबला, हे त्याआधी कुणी केलं नव्हतं. अंधार पडला होता आणि आभाळ स्वच्छ होतं. तो म्हणाला, ज्याच्यामुळे एवढा घोळ चाललाय तो मंगळ दिसतो का हो इथून? मी म्हटलं, दिसतो, तुम्हीच शोधा.

त्यानं पूर्वेकडं बोट केलं. मृगाच्या खांद्याशी एक तांबूस ठिपका आहे, तो त्यानं दाखवला. तो रंगानं फसला होता, आणि फसणारे पुष्कळ असतात.

"तो काक्षी," मी म्हटलं. "तो तारा आहे. लुकलुकतोय बघा. मंगळ त्याच्याहून खाली, तो नारिंगी. तो लुकलुकत नाही."

त्यानं दोन्हींकडं आळीपाळीनं बघितलं. फरक दिसल्यावर त्याचा चेहरा उजळला. असं का, म्हणून त्यानं विचारलं आणि मी सांगत गेले. तारा इतका लांब असतो की आपल्याला तो नुसता टिंब दिसतो. टिंबातून येणारा उजेड हवेतून येताना हलतो, म्हणून तारा लुकलुकतो. ग्रह जवळ असतो, डोळ्याला कळलं नाही तरी तो टिंब नसून छोटी चकती असते. चकतीच्या एका कडेचा उजेड हलला तर दुसऱ्या कडेचा सांभाळून घेतो, म्हणून तो शांत दिसतो. दोघंही लालच, पण काक्षी लाल दिसतो तो इतर ताऱ्यांच्या मानानं त्याचं अंग कमी तापलेलं आहे म्हणून, आणि मंगळ लाल दिसतो तो गंजामुळे. काक्षीचा आज दिसणारा उजेड तिथून निघाला तेव्हा हे शहर, ह्या गिरण्या, काहीच आजच्यासारखं नव्हतं. मंगळाचा उजेड मुळात सूर्याचा, तिथं आपटून काही मिनिटांत इथं पोचलेला. मग डोक्यावरचा गुरू दाखवला, पश्चिमेचा शुक्र दाखवला. ते दोघंही लुकलुकत नव्हते.

त्यानं मोबाइलवर फोटो काढले. काहीच आलं नाही म्हणून हसला, पुन्हा काढले. वहिनी कपड्यांचा गठ्ठा पोटाशी धरून जवळ आली होती.

"ताई, खरंच हलत न्हाय की ते," ती म्हणाली. "एवढी वर्षं बगतोय, कधी ध्यानातच आलं न्हाय."

मला त्या अर्ध्या तासात बरं वाटलं. पुण्यात अशी गच्ची असेल का, असाही विचार मनात येऊन गेला. जिना उतरताना तो म्हणाला, की शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी कॉम्प्युटरला गेलो नसतो. मी त्यावर विश्वास ठेवला.

खाली बैठक बसलीच होती. मुलाच्या आईनं मला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या वडिलांकडं बघून बोलायला सुरुवात केली. मुलगी पसंत होती. मागणी कसलीच नव्हती. लग्न सोलापुरात केलं तरी चालणार होतं.

"आमी काय जुन्या वळणाचे न्हाय," त्या म्हणाल्या. "नोकरी करू दे, काय बी करू दे. फक्त तेवढा कुंभविवाह उरकून घ्या. तासाभराचं काम हाय. कुणाला बोलवायचं बी न्हाय."

कुंभविवाह म्हणजे मुलीचं आधी मातीच्या घटाशी लग्न लावायचं, मंगलाष्टकांसकट. मग तो घट फोडायचा. पहिला नवरा गेला असं मंगळाला वाटतं आणि तो खऱ्या नवऱ्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे एवढ्या लांबून माणसाचा जीव घेण्याइतका समर्थ असलेला हा ग्रह इतका बावळट, की त्याला माठ आणि माणूस यातला फरक कळत नाही. आणि त्याला असं फसवायचं ठरवून चार शिकलेली माणसं माझ्या घरात पोहे खाऊन बसली होती. त्यात एक शिक्षक होते.

मी मुलाकडं बघितलं. तो मोबाइलमधले मघाचे फोटो मोठे करून बघत होता. मी बघतेय हे कळल्यावर त्यानं मान वर केली.

"फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला. "करून टाका. मला तसं काही नाही, पण आईच्या मनाला बरं वाटेल."

एवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. भाऊ दाराशी उभा होता. मी त्याच्याकडं हात केला आणि मुलाच्या आईला म्हटलं, "हा माझा भाऊ. आम्ही एकाच दुपारी जन्मलो. त्यालाही मंगळ आहे, माझ्यासारखाच आठव्या घरात आहे. ही त्याची बायको, लग्नाला दोन वर्षं झाली. तिला काय झालंय ते विचारा."

वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. तिला हे माहीत नव्हतं, हे मला तिच्या बघण्यावरून कळलं. मी समजत होते की निदान लग्नानंतर तरी भावानं सांगितलं असेल.

मुलाची आई क्षणभर गोंधळल्या. मामा म्हणाले, हे गुरुजींनाच विचारावं. माझ्या वडिलांनी लगेच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. असल्या कामात वडिलांना विलंब चालत नाही. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि अडलेला कागद पुढं सरकवणं हेच त्यांचं जन्मभराचं कौशल्य. गुरुजींच्या मागं कुठला तरी गोंधळ ऐकू येत होता, बहुधा तेही गड्ड्यात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जराही न थांबता सांगितलं, की जुळ्यांमध्ये मंगळ मागून येणाऱ्याच्या वाट्याला जातो, आधीचा सुटतो.

मला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी ज्याला गुरूची दृष्टी लागत होती त्याला आता मंगळच नव्हता. माझ्याकडं दोघांचा मिळून जमा झाला होता. पण बैठकीत कुणी हसलं नाही. शिक्षक असलेले मुलाचे वडील तर मान डोलवत होते, एखादं अवघड गणित सुटल्यासारखी.

"मग करून घेऊ," माझे वडील म्हणाले. "तासाभराचा तर प्रश्न आहे."

"मी माठाशी लग्न करणार नाही," मी म्हटलं.

मुलाची आई समजुतीनं हसल्या. "माठ न्हाय गं पोरी, इष्णूच असतो त्यो. देवाशीच लगीन की."

"मग देवाला फोडणार नाही," मी म्हटलं.

त्यानंतर चहा कुणी घेतला नाही. मंडळी उठली. आईनं तशातही मुलाच्या आईच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. गेटापाशी मुलगा जरा मागं राहिला आणि मला म्हणाला, की तुम्ही उगीच ताणलंत, इतकी हुशार मुलगी थोडं ऐकून घेते. मी गेट लावून घेतलं.

त्या रात्री जेवणं कशीबशी उरकली. भाऊ मला म्हणाला, की तू माझं मधे काढायला नको होतंस. त्याची तेवढीच तक्रार होती. माझ्यावर काय बेतलं ते त्याला दिसलंच नाही, आणि तो बँकेत लोकांना कर्ज द्यायचं की नाही हे ठरवतो. वहिनी भांडी घासत होती. मी शेजारी जाऊन पुसायला लागले आणि म्हटलं, की तुला ठाऊक असेल असं मला वाटलं होतं.

"मला सांगितलं असतं तर मी काय पळून गेले असते व्हय?" ती म्हणाली. "मंगळाचं मला काय न्हाय. तुमी सगळ्यांनी मला येडी समजलात, त्याचं हाय." मग तिनं मैंदर्गीला आईला फोन लावला आणि बराच वेळ कानडीत बोलली. मला कानडी अर्धंमुर्धंच कळतं, पण एवढं कळलं की ती मंगळाबद्दल बोलत नव्हती. ती आमच्याबद्दल बोलत होती.

वर्ष उलटायच्या आत माझा अठ्ठाविसावा वाढदिवस आला, म्हणजे आमचा दोघांचा. गुरुजींनी आईला सांगून ठेवलं होतं की अठ्ठावीस पूर्ण झाले की मंगळाचा जोर ओसरतो. आईनं पेढे आणले. त्यातले थोडे भावाच्या वाढदिवसाचे होते, बाकीचे मंगळ उतरल्याचे. तिनं ते शेजारीपाजारी वाटले आणि वाटताना कारणही सांगितलं. नेमका त्या दिवसांत मंगळ आकाशात सूर्याच्या दिशेला गेल्यामुळे दिसत नव्हता. मी तिला ते समजावून सांगायला गेले तर ती खूश झाली. म्हणाली, बघ, गेला की नाही? एवढं शिकवून मी घरात एवढंच मिळवलं होतं.

आणि मग नातेपुत्याहून फोन आला. मधल्या काळात त्या मुलाचं इंदापूरच्या एका मुलीशी ठरलं होतं, छत्तीसपैकी तीस की किती गुण जुळले होते. साखरपुड्यानंतर त्या मुलीनं स्वतःच नाही म्हटलं. तिचं कारण काय होतं ते कुणी सांगेना, पण मला ती मुलगी न बघताच आवडली. आता मुलाची आई माझ्या आईला सांगत होत्या, की तुमच्या मुलीला अठ्ठावीस झाली, आता काय अडचण न्हाय, आमच्या मनात पहिल्यापासून तीच होती. आईचे डोळे भरून आले. वडिलांनी पंचांग काढलं.

मी म्हटलं, आधी मला मुलाशी बोलू द्या. त्याचाच फोन आला. त्यानं सुरुवातीला गच्चीची आठवण काढली, आता मला मंगळ बरोबर ओळखता येतो, ऑफिसातल्या लोकांनाही मी दाखवला, असं म्हणाला. आवाजात तोच समंजसपणा होता. मी त्याला एकच विचारलं.

"तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं का, की माझ्या मंगळामुळे तुम्ही मराल?"

"छे हो," तो म्हणाला. "अजिबात नाही. माझा ह्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता."

त्याला वाटलं की हे ऐकून मी पाघळेन. त्यानं जर म्हटलं असतं की हो, मी घाबरलो होतो, तर मी कदाचित थांबले असते. घाबरलेल्या माणसाला काही समजावता येतं. वर्गात तसली पोरं असतातच, ग्रहणात बाहेर पडायला भिणारी. त्यांना हाताला धरून अंगणात नेलं की दुसऱ्या वेळी ती आपणहून येतात. पण ह्याला सगळं समजत होतं. समजूनही तो मला माठापुढं उभी करणार होता, आणि स्वतः शेजारी बसून फोटो मोठे करून बघणार होता. मी त्याला सांगितलं की माझा नकार आहे. कारण काय सांगू घरी, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मंगळ अजून आहे म्हणून सांगा. त्याला ते विनोदी वाटलं नाही.

वडील माझ्याशी त्यानंतर कामापुरतं बोलायला लागले. पाणी आलंय, सिलिंडर संपलाय, एवढंच. मला त्याचं दुःख झालं नाही असं नाही. पण ज्या माणसानं मुलाचा आणि मुलीचा एकच मंगळ दोन वेगळ्या दरांनी विकत घेतला, त्याच्या अबोल्याला किती किंमत द्यायची, हे मी हळूहळू शिकले. स्थळं अजूनही येतात, पूर्वीपेक्षा कमी. आता वय विचारतात.

परवाच्या उन्हाळ्यात वहिनीला मुलगी झाली. इस्पितळात मी तिच्याजवळ होते. भाऊ खाली औषधांच्या रांगेत होता आणि आई घरी डिंकाचे लाडू वळत होती. वहिनी दमलेली होती, पण पूर्ण शुद्धीवर होती. पोरगी तिच्या कुशीत डोळे मिटून पडली होती.

"ताई," ती म्हणाली, "ते मोबाइलवर पत्रिकेचं असतंय न्हवं? ते काढा. हिचा मंगळ कुटं पडतोय बगा."

मी तिला म्हटलं, की तू सुद्धा? तिनं डोळे उघडले.

"मला बगायचं न्हाय. त्यांना दाखवायला पायजे. तुमचे बाबा गुरुजींकडं जाणारच की. त्याच्या आदी मला कळू दे."

मी तिथंच खुर्चीवर बसून असलं एक ॲप उतरवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. जन्माची वेळ घातली, सोलापूर घातलं, चौकोन उमटला. मंगळ सातव्या घरात. म्हणजे हिचाही कडकच. मी वेळ पुढं ढकलून बघितली. अर्ध्या तासानं आख्खी घरं सरकली आणि मंगळ सहाव्यात गेला, जिथं तो कुणालाच त्रास देत नाही. आकाशातला मंगळ जिथं होता तिथंच होता, मी नुसतं बोटानं घड्याळ फिरवलं होतं. ज्या विद्येला मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी हसते तिच्यात मी तेव्हा डोकं खुपसून बसले होते, आणि चांगलं बसले होते. आणखी थोडं पुढं नेलं तर चंद्रही बऱ्या जागी जात होता. तेही करून घेतलं.

वहिनीला वेळ सांगितली. तिनं ती दोनदा पुटपुटून पाठ केली. संध्याकाळी वडील आले, नातीला बघितलं आणि खिशातून पेन काढून लगेच वेळ विचारली. भावानं वहिनीकडं बघितलं, कारण तो तेव्हा बाहेर होता. नर्सला विचारू या, असंही तो म्हणाला.

"नर्सला कशाला?" वहिनी म्हणाली. "पोर मला झाली. मला ठावं न्हाय व्हय?" आणि तिनं वेळ सांगितली.

बारशाच्या आधी गुरुजी घरी आले. पत्रिका उत्तम होती. मुलगी शांत निघेल, वडिलांचं नाव काढेल, आणि मंगळ तर अगदी निर्दोष. माझ्या भावानं हे ऐकून पोरीला उचलून घेतलं. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, की तू मानत नाहीस, पण बघ, रात्रभर कशी शांत झोपते ते, पत्रिकेत आहे तशीच आहे. वहिनी आतल्या खोलीत दुपटी घड्या करत होती. तिनं दारातून एकदा बाहेर डोकावून बघितलं आणि पुन्हा घड्या घालायला लागली. माझे अकरावीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते, ते घेऊन मी गॅलरीत जाऊन बसले.